पैष्टी, गौडी आणि डब्लिनचा मनोरा

करवीर तालुक्यांत, कोल्हापूरच्या विमानतळाला लागून, गडमुडशिंगी नांवाचें गांव आहे. या टापूंतल्या इतर गांवांप्रमाणें तेथील शेतकऱ्याचा जीवही उसांत गुंतलेला असतो. पूर्वीं दिवाळी उलटली कीं या बाजूचीं गुऱ्हाळें पेटत; आतां त्यांची संख्या पुष्कळ घटली असून बहुतेक ऊस कारखान्याची वाट धरतो. गुऱ्हाळांत रसाचा गूळ होतो, कारखान्यांत रसाची साखर होते, आणि साखर काढून घेतल्यावर जो काळा, दाट, चिकट पाक मागें उरतो त्यास मळी म्हणतात. भाषणाचा विषय आयर्लंडची व्हिस्की, आणि आरंभ मळीपासून, हें श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. परंतु कोल्हापूर शहरांतल्या एखाद्या परवानाधारक दुकानांत डोकावलें तर या दोन गोष्टींचें नातें सहज ध्यानांत येतें. एकाच फळीवर आयर्लंडहून आलेली बाटली आणि आपल्या देशांत भरलेली बाटली शेजारीं शेजारीं उभ्या असतात. दोहोंवर शब्द एकच, व्हिस्की. पहिलीचा जन्म धान्यापासून झालेला असतो; दुसरीचा, ती स्वस्तांतली असेल तर, बहुतांशीं मळीपासून. जव आणि ऊस हीं दोन पिकें एका नांवाखालीं कशीं आलीं, हा इतिहास मनोरंजक आहे, आणि त्यांत मध्यस्थाचें काम एका आयरिश अबकारी अधिकाऱ्यानें केलेलें आहे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनीं मद्याचें वर्गीकरण मोठें चोख केलें आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गौडी, पैष्टी आणि माध्वी. गुळापासून होते ती गौडी, धान्याच्या पिठापासून होते ती पैष्टी, आणि मोहाच्या फुलांपासून, किंवा दुसऱ्या अर्थानें मधापासून, होते ती माध्वी. स्मृतिकाराचा हेतु अर्थातच तिन्ही निषिद्ध ठरविण्याचा होता. परंतु निषेध करतांनाही वस्तु ओळखण्यांत त्यानें हयगय केली नाहीं. कच्चा माल जो असेल त्यावरून नांव, हें त्याचें तत्त्व. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर सुराध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारीच आहे, आणि तेथेंही मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु हे प्रकार त्यांच्या घटकांसह दिलेले आहेत. त्या काळची सुरा केवळ आंबविलेली असे कीं भट्टींतून गाळलेली असे, या वादांत आपणांस शिरावयाचें नाहीं. वर्गीकरण मात्र आजही उपयोगी आहे.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर माध्वीचें राज्य कोंकणांत व डोंगराळ भागांत होतें. एकोणिसाव्या शतकांत मुंबईला लागणारी मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून येत असे आणि त्या भट्ट्यांचे मालक बहुतेक पारशी गृहस्थ होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें घरोघरची भट्टी बंद पडून मद्य गाळण्याचा हक्क सरकारी परवान्यास बांधला गेला. १८९२ सालीं तर ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांकरितां खास कायदा करून मोहाचीं फुलें घरांत साठविण्यावरही निर्बंध घालण्यांत आला. रानांत पडणारें फूल वेंचणें हा गुन्हा कसा, हें कातकरी माणसाला उमगणें कठीण होतें. मद्याचा इतिहास हा अर्ध्याहून अधिक कराचा इतिहास असतो, हें ध्यानांत ठेवून आतां आयर्लंडकडे वळूं.

आयर्लंडच्या जुन्या भाषेंत गाळलेल्या मद्यास ‘इश्के बाहा’ म्हणत. अर्थ होतो जीवनाचें जल. त्यांतल्या पहिल्या शब्दाचा इंग्रजी उच्चार होतां होतां ‘व्हिस्की’ झाला. जीवन गळालें आणि जल तेवढें उरलें. उत्तर आयर्लंडांतील बुशमिल्सच्या परिसरांत मद्य गाळण्याचा परवाना इंग्लंडच्या राजानें १६०८ सालीं दिला. आज त्या नांवानें चालणाऱ्या कंपनीची स्थापना १७८४ ची आहे, तरी बाटलीवर १६०८ हाच आंकडा अभिमानानें छापलेला असतो. १६६१ सालीं आयर्लंडांत मद्यावर कर बसला आणि त्या दिवसापासून तेथील मद्याचे दोन वंश झाले. कर भरणारें तें राजमान्य. कर चुकवून डोंगरांत, दलदलींत लपून गाळलेलें तें ‘पोचीन’. या शब्दाचा अर्थ लहान हंडा असा आहे. आपल्याकडे ज्याला हातभट्टी म्हणतात त्याचाच हा आयरिश सख्खा भाऊ.

आयरिश व्हिस्कीची खरी ओळख ज्या गोष्टीमुळें पटते तीही करामुळेंच बळावली. ती समजण्यासाठीं माल्ट म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपल्या घरांतून लहान मुलांकरितां नाचणीचें सत्त्व करतात. नाचणी भिजवावयाची, तिला मोड आणावयाचे, वाळवावयाची आणि दळावयाची. मोड आलेल्या धान्यांत पिठाची साखर होऊं लागते, म्हणून तें किंचित् गोड लागतें व पचण्यास हलकें होतें. जवाला असेच मोड आणून तो भट्टीच्या उष्णतेवर वाळविला म्हणजे माल्ट तयार होतो. त्याचें पीठ गरम पाण्यांत कालवून गोड पाणी काढावयाचें, तें यीस्ट घालून आंबवावयाचें, आणि तें आंबवण तांब्याच्या हंड्यांत तापवून त्याची वाफ थंड करून घ्यावयाची, कीं धान्याचें मद्य झालें. स्कॉटलंडांतील माल्ट व्हिस्की या रीतीनें केवळ मोड आलेल्या जवाची करतात.

१७८५ सालीं सरकारनें माल्टवर कर बसविला. आयर्लंडच्या भट्टीवाल्यांनीं हिशेब मांडला. सगळाच जव मोड आणून कशाला वापरावयाचा? थोडा मोडाचा आणि बाकीचा कोरडा, कच्चा जव घेतला तर कर तितका कमी पडेल. मोडाच्या जवांतली शक्ति कच्च्या जवाचेंही काम करून घेते. काटकसरीपोटीं रूढ झालेल्या या मिश्रणानें मद्याला एक नवाच स्वभाव दिला. तें जिभेवर किंचित् तेलकट, दाट बसतें, आणि मागाहून सुंठीसारखा, धन्यासारखा झणका देतें. पुढें माल्टवरील कर गेला, परंतु लोकांच्या जिभेला लागलेली गोडी गेली नाहीं. आज आयर्लंडच्या नियमांत या प्रकाराची व्याख्याच करून ठेविली आहे: मोडाचा जव निदान तीस टक्के, कच्चा जव निदान तीस टक्के, आणि हंड्याच्या भट्टींतून गाळणी. याला तिकडे ‘सिंगल पॉट स्टिल’ म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डब्लिन ही व्हिस्कीची राजधानी होती. जॉन जेमसन, विल्यम जेमसन, जॉन पॉवर आणि जॉर्ज रो या चार घराण्यांच्या पेढ्या तेथें नांदत होत्या. जॉन जेमसनची बो स्ट्रीटवरील पेढी १७८० ची, पॉवरची १७९१ ची. रो घराण्याची थॉमस स्ट्रीटवरील भट्टी ऐन भरांत वर्षाला सुमारें वीस लाख गॅलन मद्य गाळीत असे. जगांतील मोठ्यांत मोठ्या भट्ट्यांत तिची गणना होई. डब्लिनची चाल अशी कीं मद्य एकदां नव्हे, दोनदां नव्हे, तीन वेळां गाळावयाचें. त्यामुळें उग्रपणा गळून मऊपणा येतो. लंडनच्या बाजारांत त्या काळीं डब्लिनच्या पिंपाला स्कॉटलंडच्या पिंपाहून मान अधिक होता.

आतां तो अबकारी अधिकारी. त्याचें नांव ईनियस कॉफी. आयर्लंडभर हिंडून बेकायदा भट्ट्या शोधून काढणें ही त्याची नोकरी. १८१० सालीं डोनेगाल भागांत पोचीनवाल्यांनीं त्याला गांठून इतकें मारलें कीं तो मरतां मरतां वांचला. सरकारी नोकरींत तो पुढें फार वरच्या पदाला चढला आणि १८२४ सालीं ती सोडून स्वतःच मद्य गाळण्याच्या धंद्यांत शिरला. जन्मभर भट्ट्या पाहिलेल्या माणसाला हंड्याच्या रीतींतला दोष दिसत होता. हंडा भरावयाचा, तापवावयाचा, रिकामा करावयाचा, धुवावयाचा आणि पुन्हां भरावयाचा. यांत इंधन, वेळ व मजुरी तिन्ही फुकट जातात. १८३० सालीं कॉफीनें आपल्या नव्या यंत्राचें पेटंट घेतलें. उंच मनोऱ्यांत एकावर एक सच्छिद्र थाळे बसविलेले. वरून आंबवण सोडावयाचें, खालून वाफ चढवावयाची. थाळ्याथाळ्यावर दोघांची गांठ पडे. वाफ आंबवणांतला मद्यार्क उचलून घेऊन वर जाई आणि निःसत्त्व पाणी खालीं येई. एकदां सुरू केलेला हा मनोरा दिवस-रात्र अखंड चाले.

डब्लिनच्या चार घराण्यांनीं या मनोऱ्याकडे पाठ फिरविली. त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हतें. हंडा ओबडधोबड असतो, म्हणूनच तो धान्याचा सुगंध, तेलकटपणा आणि चव हीं थोडीं थोडीं मद्याबरोबर वर येऊं देतो. मनोरा फार शहाणा. तो मद्यार्क तेवढा निवडतो आणि धान्याची ओळख मागें टाकतो. १८७० नंतरच्या दशकांत चारही पेढ्यांनीं एकत्र येऊन एक पुस्तक छापलें आणि मनोऱ्यांतून निघालेल्या द्रवाला व्हिस्की म्हणणें ही लबाडी आहे असें जगाला बजाविलें. स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांनीं तें वाचून मनोरे अधिकच उभारले. मनोऱ्याचें स्वस्त, सौम्य मद्य आणि हंड्याचें चवदार मद्य यांची त्यांनीं मिसळ केली, ती सुंदर बाटल्यांत भरली आणि जगभर पाठविली.

शेवटीं प्रश्न न्यायासनापुढें आला. १९०५ सालीं लंडनच्या इस्लिंग्टन विभागांतील नगरपालिकेनें कांहीं मद्यविक्रेत्यांवर खटले भरले. आरोप असा, कीं गिऱ्हाइकानें व्हिस्की मागितली असतां त्यांनीं व्हिस्की नसलेला पदार्थ दिला. व्हिस्की म्हणजे काय हें ठरविण्यासाठीं १९०८ सालीं राजाज्ञेनें आयोग नेमला गेला, आणि १९०९ सालीं त्यानें निर्णय दिला कीं धान्यापासून गाळलेलें मद्य, मग तें हंड्यांतलें असो वा मनोऱ्यांतलें, व्हिस्कीच होय. डब्लिन हरलें. परंतु त्या हरण्यांतही एक मर्यादा राखली गेली होती ती विसरतां कामा नये. यंत्र कोणतेंही चालेल, पण कच्चा माल धान्यच पाहिजे. मनूच्या भाषेंत सांगावयाचें तर व्हिस्की ही पैष्टीच राहिली.

पुढचा अर्धा शतकाचा काळ आयरिश धंद्याला वाईट गेला. फादर मॅथ्यू नांवाच्या धर्मोपदेशकानें १८३८ सालीं कॉर्क शहरांत सुरू केलेल्या मद्यत्यागाच्या चळवळींत लाखों लोकांनीं शपथ घेतली होती. तो पहिला तडाखा. विसाव्या शतकांत १९२० ते १९३३ अमेरिकेंत दारूबंदी झाली आणि मोठें गिऱ्हाईक गेलें. १९२२ सालीं आयर्लंड स्वतंत्र झालें, परंतु इंग्लंडशीं १९३२ पासून १९३८ पर्यंत चाललेल्या जकातीच्या झगड्यांत साम्राज्याच्या बाजारपेठा दुरावल्या. रो यांची प्रचंड भट्टी १९२० नंतरच्या दशकांत थंडावली. १९६६ सालीं जेमसन, पॉवर आणि कॉर्कची मंडळी यांनीं जुनें वैर विसरून एक कंपनी केली; १९७५ सालीं कॉर्कजवळच्या मिडल्टन येथें एक मोठी नवी भट्टी बांधून सगळें काम तेथें नेलें. त्या सुमारास साऱ्या बेटावर व्हिस्की गाळणाऱ्या भट्ट्या दोनच उरल्या होत्या, मिडल्टन आणि बुशमिल्स. आणि गंमत अशी कीं, या जीव वांचविण्याच्या धडपडींत डब्लिनच्या वंशजांनींही कॉफीच्या मनोऱ्याचा आश्रय केला. आज जेमसन नांवाची जी बाटली सर्वत्र दिसते तिच्यांत हंड्याचें आणि मनोऱ्याचें मद्य मिसळलेलें असतें. १९८७ सालीं जॉन टीलिंग यांनीं कूली येथें नवी भट्टी काढली, तेव्हांपासून वारें फिरलें. आज आयर्लंडांत चाळिसांहून अधिक भट्ट्या आहेत.

आतां आयर्लंडचा आणि आपला संबंध पाहूं. तो मद्यापेक्षां आधीं माणसांनीं जोडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या फौजेंत आयरिश शिपायांचा भरणा मोठा असे. १८१७ सालच्या नोव्हेंबरांत खडकीच्या लढाईंत पेशव्यांच्या सैन्यासमोर उभी राहिलेली मुंबईची गोरी पलटण पुढें ‘रॉयल बाँबे फ्युझिलिअर्स’ या नांवानें ओळखली गेली, आणि १८८१ सालीं तिचें नांव बदलून ‘रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स’ या पलटणीची दुसरी तुकडी असें झालें. मुंबईचें नांव पुसून डब्लिनचें नांव घेतलेली ही पलटण १९२२ सालीं, आयर्लंडच्या स्वातंत्र्याबरोबर, मोडली गेली. या शिपायांच्या नशिबीं इकडे व्हिस्की फारशी नव्हती. छावणींत मिळे ती अरक, म्हणजे ताडीची, मोहाची किंवा गुळाची. पैष्टीच्या देशांतून आलेला माणूस दख्खनमध्यें माध्वी आणि गौडी पीत होता.

कोल्हापूर हें गौडीचें माहेरघर होण्याजोगेंच होतें. १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी आली. शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं गुळाच्या व्यापाराकरितां शाहूपुरीची पेठ वसविली, आणि पुढें राधानगरीच्या धरणाचें काम हातीं घेऊन पाण्याचीही सोय पाहिली. कोल्हापुरी गुळाची कीर्ति तेव्हांपासूनची; २०१४ सालीं त्याला भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळालें. १९३२ सालीं सरकारनें परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली आणि देशभर साखर कारखाने निघाले. कोल्हापुरासही त्याच दशकांत कसबा बावड्याचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांची रांग लागली. कारखाना आला कीं मळी आली, आणि मळीचें करावयाचें काय, या प्रश्नाला उत्तर म्हणून आसवनी आली. या आसवन्यांतून जो उंच नळकांडीसारखा मनोरा दिसतो तो ईनियस कॉफीच्या मनोऱ्याचाच नातू-पणतू होय. ज्या यंत्राला डब्लिननें दारांत उभें केलें नाहीं, तें पंचगंगेच्या खोऱ्यांत स्थिरावलें.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई राज्यांत विलीन झालें आणि त्याच वर्षीं मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्याला आव्हान देणारा बलसारा खटला सर्वोच्च न्यायालयानें १९५१ सालीं निकालांत काढला व कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरविला. पुढें बंदी सैल झाली, परंतु परवान्याची चौकट आजही त्याच कायद्याची आहे. बंदी सैल झाल्यावर बाजारांत जें मद्य आलें त्याचें सरकारी नांव मोठें मजेदार आहे: भारतांत बनविलेलें विदेशी मद्य. मळीचा मद्यार्क मनोऱ्यांतून शेंकडा शहाण्णव अंशांपर्यंत शुद्ध करतात. त्यांत रंग, सुवास आणि क्वचित् थोडें माल्टचें मद्य मिसळतात. अशा पेयाला व्हिस्की म्हणण्यास आपल्या कायद्याची आडकाठी नाहीं. युरोपांत मात्र तें या नांवानें विकतां येत नाहीं. तेथील नियमानें व्हिस्की धान्याचीच हवी आणि निदान तीन वर्षें लाकडी पिंपांत मुरलेली हवी. आयर्लंडनें तर १९८० सालीं स्वतंत्र कायदा करून ही अट आपल्या मद्यापुरती पक्की केली आहे.

हा इतिहास पाठीशीं असला म्हणजे पेल्यांची तुलना करणें सोपें जातें. शाहूपुरींत गुळाचा जाणता व्यापारी ढेप कशी पारखतो तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना नवें कांहीं शिकावयाचें नाहीं. तो ढेप फोडतो, रंग पाहतो, कण बोटांनीं चुरतो, खडा जिभेवर ठेवतो आणि खारटपणा आहे का हें अजमावतो. गुळाची तुलना तो गुळाशीं करतो, साखरेशीं नाहीं. व्हिस्कीच्या बाबतींतही सजातीयांचीच तुलना करावी. चार लहान पेले घ्यावे, प्रत्येकांत चमचा-दोन चमचे मद्य पुरे. बर्फ टाळावें, कारण थंडीनें जीभ आणि नाक दोन्ही बधिर होतात. आणि थेंब थेंब पाणी घालून वास घ्यावा.

पहिल्या पेल्यांत बुशमिल्सची माल्ट असावी. ही केवळ मोडाच्या जवाची आणि तीन वेळां गाळलेली. वास मधाचा आणि हिरव्या सफरचंदाचा. घोट हलका, घशाखालीं केव्हां उतरला तें कळत नाहीं. दुसऱ्यांत रेडब्रेस्ट किंवा ग्रीन स्पॉट, म्हणजे करामुळें बळावलेली ती कच्च्या जवाची जात. रेडब्रेस्टचीं कांहीं पिंपें पूर्वीं शेरी या द्राक्षमद्याचीं असल्यानें तिच्यांत मनुका आणि खारकेचा भास होतो, आणि मागाहून सुंठ-धन्याचा झणका येतो. ग्रीन स्पॉट हें नांव डब्लिनच्या मिचेल या व्यापाऱ्यांच्या पिंपावरील हिरव्या ठिपक्यावरून पडलें. किती वर्षें मुरवावयाचें तें ते निळ्या, हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या ठिपक्यांनीं ओळखीत. तिसऱ्यांत जेमसन, हंडा व मनोरा यांचा संसार. ही गोड, सरळ, कोणाशींही जुळवून घेणारी. दुसऱ्या पेल्यानंतर चाखली तर तिच्यांतला हंड्याचा अंश नेमका कोठें आहे तें कळतें. चौथ्यांत कॉनेमारा. हिचा माल्ट दलदलींतल्या मातीच्या जळणावर वाळवितात आणि गाळणीही दोनच वेळां. आयरिश व्हिस्की धुराची नसते असा जो समज आहे तो हिच्या पहिल्या वासानेंच उडतो; गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळ उभें राहिलें असतां कपड्यांना जो वास लागतो त्याची आठवण होते. मला विचाराल तर या चारींत दुसरा पेला श्रेष्ठ. गोडवा, तिखटपणा आणि दाटपणा तिन्ही एकदम देणारी दुसरी जात जगांत विरळा, आणि तिचा स्वाद दुसऱ्या कोठल्याही मद्यावरून कल्पनेनें ओळखतां येत नाहीं.

पांचवा पेला मळीच्या व्हिस्कीचा ठेवला तर काय होतें? तिला वाईट म्हणण्याची घाई करूं नये. तिचें दुःख निराळें आहे. तिच्यांत जव तर नाहींच. पण ऊसही नाहीं. शहाण्णव अंशांपर्यंत चढविलेल्या मद्यार्कांत काकवीचा गंध, गुळाचा तांबूस गोडवा, काळ्या जमिनीचा खारटपणा, कांहींच टिकत नाहीं. मागून घातलेल्या सुवासानें ती स्कॉटलंडची नक्कल करते. ज्या मातीनें तिला जन्म दिला त्या मातीचें नांव बाटलीवर कोठेंही नसतें, आणि चवींतही नसतें.

माझा मुद्दा एवढाच आहे. डब्लिनच्या चार घराण्यांनीं मनोऱ्याचा द्वेष केला ही त्यांची व्यापारी चूक होती. त्यांची हट्टाची किंमत त्यांच्या नातवंडांनीं मोजली. परंतु नांवाला वस्तूचा आधार असावा, हा त्यांचा आग्रह रास्त होता, आणि त्याच आग्रहाच्या जोरावर आयरिश व्हिस्की मरणाच्या दारांतून परत आली. आपल्या शेजारच्या गोव्यानें हेंच ओळखलें. काजूच्या बोंडाची फेणी तेथें स्वतःच्या नांवानें विकली जाते, आणि २००९ सालीं तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. ती कोणाची नक्कल नाहीं. कोणाला आवडते, कोणाला आवडत नाहीं, पण ती फेणीच असते. त्याच गोव्यांत कुंकळी येथें देशी जवाची माल्ट व्हिस्की तयार होते. २०१२ पासून ती परदेशांतही व्हिस्की याच नांवानें विकली जाते, कारण ती पैष्टी आहे. उन्हामुळें तेथल्या पिंपांतून वर्षाला सुमारें आठ टक्के मद्य हवेंत उडून जातें, आयर्लंडांत दोनच टक्के. त्यामुळें ती लवकर मुरते. कोल्हापूरच्या उसाचें मद्य गाळावयाचेंच असेल तर तें गौडी म्हणून, उसाच्या चवीसकट, कां गाळूं नये? गुळाला जो मान मिळाला तो गुळाच्या लेंकीला मिळण्यास नांव आड येतें, दुसरें कांहीं नाहीं.

या प्रश्नाला एक गंभीर बाजूही आहे. नांव आणि वस्तु यांची फारकत खालच्या थरांत जीवघेणी होते. २०१५ सालच्या जूनमध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें गेलीं. ग्लासांत काय आहे हें त्यांपैकीं कोणालाही ठाऊक नव्हतें. मद्य पिऊं नये असें म्हणणाऱ्यांचा पक्ष मोठा व आदरणीय आहे, आणि फादर मॅथ्यूंच्या शपथेइतकीच ती परंपरा आपल्याकडेही खोल आहे. परंतु न पिणाऱ्यालाही हें पटेल, कीं पिणाऱ्याला आपण काय पितों तें कळणें हा त्याचा हक्क आहे.

अलीकडे मनोऱ्याचा संसार पुन्हां पालटला आहे. मळीचा आणि उसाच्या रसाचा मद्यार्क आतां फार मोठ्या प्रमाणावर पेट्रोलमध्यें मिसळण्यासाठीं जातो. हें मिश्रण २०२२ सालीं दहा टक्क्यांवर आणि २०२५ सालीं वीस टक्क्यांवर पोंचलें. दुसऱ्या बाजूनें, ज्या फ्रेंच कंपनीनें १९८८ सालीं आयर्लंडची एकत्रित व्हिस्की कंपनी विकत घेतली, तिनेंच २०२४ सालीं नागपूरजवळ बुटीबोरी येथें माल्टची मोठी भट्टी उभारण्याचा करार केला. म्हणजे विदर्भांत पैष्टी येऊं घातली आहे, आणि करवीरची गौडी मोटारीच्या टाकींत निघाली आहे. गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याला उसाचा भाव या दोन्हींतून काय मिळतो, हा त्याच्या दृष्टीनें खरा प्रश्न. आणि त्या भावाच्या हिशेबांत मनोऱ्यांतून निघालेल्या थेंबाला बाजारांत कोणत्या नांवानें उभें केलें जातें, याचाही वांटा आहे.